मोगरी

(जवळून: जमिनीवर ठेवलेला लाकडी ठोकळा, त्याला लांब दांडा)

ही मोगरी. कपडे धुवायची नव्हे, रथाची. पुढून पाचरीसारखी उतरती, मागे जाड, आणि वाकून पुढे सरकवता यावी म्हणून हा लांब दांडा. हिची कड बघा. चेपून चेपून लाकडाचे तंतू सुटलेत, दात घासून टाकलेल्या बाभळीच्या काडीसारखे. एका दिवसात ही अशी झाली. हिच्यावरून जळगावचा राम गेला.

(चाक. कॅमेरा खालून वर जातो, कळसापर्यंत, आणि पुन्हा खाली येतो)

आणि हे चाक. चाकावर रथ, रथाच्या पुढे लाकडी घोडे, वर नक्षी, झेंडूच्या माळा, बांधलेले केळीचे खांब, मधोमध प्रभू रामचंद्रांची उत्सवमूर्ती. रथ आला की सगळ्यांच्या माना वर जातात. आमचा कॅमेरा मात्र आज बराच वेळ खालीच राहणार आहे. वरचं दर्शन सगळेच दाखवतात.

(जळगाव स्टेशन, सकाळ. पाठीवर बॅगा घेतलेले प्रवासी)

जळगावला देशोदेशीचे प्रवासी उतरतात. स्टेशनबाहेर आले की त्यांचा एकच प्रश्न असतो, अजिंठ्याची गाडी कुठून सुटते? साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे ते निघून जातात, आणि गाव राहतं मागे. त्यांना तरी काय म्हणायचं? आपण स्वतः पाहुण्याला गावाबद्दल सांगतो ते सोनं आणि केळी. हिवाळा असला तर भरीत. २०११च्या जनगणनेत साडेचार लाखांच्या पुढे गेलेलं हे शहर कार्तिक शुद्ध एकादशीला एका लाकडी रथामागे चालतं, आणि याचा साधा फलक स्टेशनवर आम्हाला दिसला नाही. असेल तर आमची नजर चुकली.

(जुनं जळगाव. राम मंदिराचा दरवाजा, पायऱ्या, आतला अंधार)

हा रथ सुरू झाला १८७२ साली. सुरू केला तो संत अप्पा महाराजांनी, याच राम मंदिरातून. ते जळगाव कसं होतं, याचा थोडा विचार करू. त्याआधीच्या दशकात रेल्वे आली होती. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा तो भाव कोसळलाही. पण पेठ वसली ती वसलीच. खानदेश तेव्हा एकच जिल्हा होता, पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी व्हायला अजून चौतीस वर्षं होती. वाढत्या पेठेतल्या या मंदिरातून अप्पा महाराजांनी दोन वाटा सुरू केल्या. एक लांबची, संत मुक्ताईच्या पादुका घेऊन पंढरपूरला जाणारी. दुसरी गल्लीबोळातली, रथाची. एकादशीला या दोन्ही एकत्र दिसतात: पुढे मुक्ताईच्या पादुकांची पालखी, मागून रथ.

(रात्र. गल्लीतून एक वहन येतं आहे. पेट्रोमॅक्सच्या जागी आता जनरेटरवरचे दिवे)

पण एकादशी आधी येत नाही, आधी वहनं येतात. दिवाळीचा पाडवा झाला की वहनोत्सव सुरू. खानदेशात वाहन म्हणजे मोटारसायकल, देवाचं ते वहन. रोज वेगळं. आज घोडा, उद्या हत्ती, मग वाघ, सिंह, सरस्वती, चंद्र, सूर्य, गरुड, मारुती. रंगवलेली, लाकडाची, डोळे वटारलेली ही मंडळी रात्री गल्लीगल्लीतून फिरतात. दारात सडा पडतो, ताट घेऊन बाया उभ्या राहतात. ही पोरं बघा, सिंह कुठवर आला ते बघून धावत परत येतात आणि आईला सांगतात. त्यातल्या या सगळ्यात पुढच्या पोराला आम्ही लागोपाठ तीन रात्री पाहिलं. तीनही वेळा अनवाणी.

पाहुण्याने खरं तर याच दिवसांत यावं. रथाच्या दिवशी उभं राहायला जागा मिळत नाही; वहनाच्या रात्री हात लावण्याइतकं जवळ जाता येतं.

(एकादशीची सकाळ. टोपल्यांत बोरं, आवळे, उसाची कांडकी. रथावर माळा चढताहेत)

देवउठनी एकादशी. चार महिने झोपलेला देव आज उठतो. बोरं, आवळा, ऊस, सगळं रस्त्यावर आलंय. गावाला उपास आहे, त्यामुळे साबुदाण्याच्या कढया पहाटेपासून चढल्यात. मंदिरात पूजा, आरती, मग मूर्ती रथावर.

(दृश्य पूर्ण खाली. पायांचं जंगल. मधे वाकलेली पाच-सहा माणसं)

आणि आता यांच्याकडे बघा.

दोर ओढणारे शेकडो. मागून ढकलणारे तितकेच. पण रथ कुठे जाणार हे ठरवतात ही वाकलेली माणसं. मोटारीला असतं तसं स्टिअरिंग या रथाला नाही. थांबणं, वळणं, आवरणं, सगळं मोगरीच्या भरवशावर.

काम ऐकायला सोपं आहे. मोगरी चाकासमोर सरळ दिली की चाक तिच्यावर चढू पाहतं, चढत नाही, रथ थांबतो. अर्धवट देऊन झटक्यात ओढून घेतली की नुसता वेग मोडतो. वळायचं असेल तर ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या चाकाला ती तिरपी द्यायची. ते चाक अडखळतं, पलीकडचं चालत राहतं, रथाचं तोंड फिरतं. एका वळणाला हे एकदा करून भागत नाही. वीतभर फिरला, थांब. दोर सैल. पुन्हा मोगरी. पुन्हा ओढा. पुन्हा वीतभर.

मोगरी देणाऱ्याला समोरचा रस्ता दिसत नाही, त्याला फक्त चाक दिसतं. रस्ता बघणारा दुसरा असतो, तो वर हात करून ओरडतो. ढोल, भजनी मंडळं, जयघोष, एवढ्या आवाजात तो ओरडा पोचतो कसा? पोचत नाही. हे लोक हात बघतात. हा हात असा आडवा झाला, की द्या. मुठी मिटल्या, की ओढा.

(आवाज येऊ द्यावा: "दे भो, दे दे दे! ... बस्स!")

लाकूड दबल्याचा हा आवाज आम्ही मुद्दाम कमी केलेला नाही.

उशीर झाला तर मोगरीचा चुरा. घाई केली तर रथ मोगरी ओलांडून पुढे, आणि पुढे माणसं. हे शिकवणारं पुस्तक नाही, वर्ग नाही. बाप द्यायचा, पोरगा शेजारी चालायचा. पहिली काही वर्षं पोराच्या हातात मोगरी येतच नाही, तो नुसता बदलीच्या मोगऱ्या वाहतो. मग कधीतरी सरळ रस्त्यावर, रथ रिकामा असल्यासारखा हलका चालत असताना, एखादी द्यायला मिळते. वळणावर नाही. वळण शेवटी.

(तेली चौकाकडचा अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना गच्च्यांवर माणसं)

हे वळण. चित्रीकरणाला आम्हाला एका दुकानाच्या पत्र्यावर जागा मिळाली, मालकाने शिडीही दिली. घड्याळ लावून मोजायचं ठरवलं होतं; मोजायचं राहून गेलं. कळस समोरच्या गच्चीच्या कठड्याला लागतो की काय असं वाटतं, आणि कोणीतरी कठड्यावरून हात बाहेर काढून माळेतलं एक फूल तोडून घेतं. बघा, हा हात.

(चौधरी वाडा. बंद दार, उंबरा)

वाटेत चौधरी वाडा लागतो. इथे असोद्याहून एक मुलगी सून म्हणून आली, बहिणाबाई. १८८० चा जन्म, म्हणजे तिच्याआधी आठ वर्षं रथ चालू झालेला. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी ती गेल्यानंतर, १९५२ साली छापली गेली. आज वाड्यात तिच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. या उंबऱ्यावरून तिने किती रथ पाहिले असतील, हिशोब तुम्हीच करा.

(दाणा बाजार, सुभाष चौक. संध्याकाळ, दिवे लागलेले)

दाणा बाजारात रस्ता रुंद होतो, मोगरीवाल्यांना पाठ सरळ करायला मिळते. कोणी केळं खातं, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभं राहतं. बोटांना चिंध्या बांधलेल्या आहेत. सोहळ्याच्या बातम्यांत ही बोटं येत नाहीत.

(भिलपुरा. रथ थांबलेला)

इथे रथ थांबतो तो वळणासाठी नाही. ही लालशाह बाबांची समाधी. अप्पा महाराज आणि लालशाह बाबा, दोघांची मैत्री होती असं गाव सांगत आलंय. म्हणून रामाच्या रथाकडून समाधीवर फुलांची चादर चढते.

(निवेदन थांबेल. चाळीस सेकंद फक्त दृश्य आणि तिथला आवाज)

(जलद दृश्यं: पिंप्राळा, कानबाई, नाट्यगृहाचा मंच)

शहराचं वर्ष एका रथावर भागत नाही. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, श्रावणात घरोघरी खानदेशची देवी कानबाई बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांचा वास गल्लीभर. जानेवारीत बालगंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव होतो. लहानपणी गाण्याचे धडे त्यांनी याच गावात घेतले. प्रत्येकावर वेगळी फिल्म व्हायला हवी.

(वर लोंबणाऱ्या वायरी, काँक्रीटचा रस्ता)

वायरी उतरवाव्या लागतात, मार्गावरची वीज जाते, गुळगुळीत काँक्रीटवर मोगरी घसरते, आणि मोगरी वाहणारी पोरं आता शिकायला पुण्याला आहेत.

(रात्र. रथ चौक. रथ परतलेला, गर्दी पांगलेली)

रात्र चढलीय. मूर्ती मंदिरात गेली. उद्या द्वादशी, रासक्रीडेचं वहन निघेल. रथाच्या चारही चाकांना आता मोगऱ्या लावून ठेवल्यात, यावेळी नुसत्या पायाने सारून, कोणी न ओरडता. बाकीच्या गोळा होताहेत. हे काका एकेक उचलून दिव्याकडे धरतात, कड बघतात. चांगली निघाली तर पोत्यात. पार गेलेली बाजूला.

बाजूच्या ढिगातली एक आम्ही मागून घेतली. सुरुवातीला दाखवली ती.

(जवळून: काकांचा हात, पोत्याचं तोंड बांधताना. आवाज हळूहळू बंद)