कारखानदार तोच, घरमालकही तोच

श्रोतेहो, नमस्कार.

आज शिकागोच्या दक्षिणेला वसलेल्या एका गावाची हकीकत सांगायची आहे. गावाचं नाव पुलमन. रेल्वेचे ऐषारामी शयन-डबे बांधणारा कारखानदार जॉर्ज पुलमन याने १८८० मध्ये ते बांधायला घेतलं. विटांची पक्की घरं, घरात नळ आणि गॅस, रुंद रस्ते, झाडं, थिएटर, वाचनालय, बाजाराची मोठी इमारत, सगळं त्यात होतं. शिकागोतले बहुतेक कामगार तेव्हा चिखलात, दाटीवाटीने राहत होते. त्यामुळे हे नमुनेदार गाव बघायला लांबलांबून पाहुणे यायचे आणि मालकाची वाहवा करून जायचे.

पण या गावातली एकही वीट तिथे राहणाऱ्याची नव्हती. घर विकत मिळत नसे, फक्त भाड्याने मिळे. चर्चची इमारतसुद्धा कंपनीचीच. तिचं भाडं इतकं की सुरुवातीला कोणत्याच पंथाला ते परवडेना आणि इमारत रिकामी राहिली. वाचनालयाची वर्गणी वर्षाला ३ डॉलर. पुलमनचा हिशेब उघड होता: गावात गुंतवलेल्या पैशावर ६ टक्के परतावा हवा. हे गाव म्हणजे त्याचा दानधर्म नव्हता, आणि तो स्वतःही तसं म्हणत नव्हता.

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्यांचं दिवाळं निघालं, नव्या डब्यांची मागणी आटली. पुलमनने माणसं कमी केली आणि उरलेल्यांचे पगार सरासरी पाव हिश्शाने कापले. काही खात्यांत कपात त्याहून जास्त होती. घरभाडं मात्र एका सेंटनेही उतरवलं नाही. आसपासच्या वस्त्यांत तशाच घराला जेवढं भाडं पडे, त्यापेक्षा इथलं भाडं वीस-पंचवीस टक्क्यांनी चढं होतं. पुढे सरकारी चौकशी आयोगानेच तसं नोंदवलं.

आता पगाराच्या दिवशी काय व्हायचं ते ऐका. पगारातून परस्पर भाडं कापायला इलिनॉय राज्याच्या कायद्याची बंदी होती. म्हणून कामगाराच्या हातात दोन चेक पडायचे, एक भाड्याच्या रकमेचा आणि दुसरा उरलेल्या पैशांचा. पहिल्या चेकवर सही करून तो तिथल्या तिथे परत द्यावा, ही अपेक्षा. कायदाही पाळला गेला आणि भाडंही वसूल झालं. गावातले मेथडिस्ट पाद्री विल्यम कार्वर्डाइन यांनी लिहून ठेवलंय की भाडं गेल्यावर एका कामगाराच्या हाती २ सेंटचा चेक उरला. त्या माणसाने तो वटवला नाही, चौकटीत बसवून ठेवला.

जेनी कर्टिस ही तिथे शिवणकाम करणारी तरुण मुलगी. तिच्या वडिलांनी तेरा वर्षं याच कंपनीत काम केलं होतं. ते वारले तेव्हा ६० डॉलर भाडं थकलं होतं. कंपनीने ती थकबाकी मुलीच्या तुटपुंज्या पगारातून हप्त्याहप्त्याने घेतली. ही हकीकत तिने स्वतः सांगितली आहे.

कामगारांचं शिष्टमंडळ भेटायला गेलं तेव्हा पुलमनचं म्हणणं असं की पगार ठरवतो तो कारखानदार, भाडं ठरवतो तो घरमालक, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मला या साऱ्या प्रकरणाची गाठ इथेच दिसते. बाजार पडला की मजुरी पडणार, हा नियम कारखानदार म्हणून त्याला मान्य होता. मग तोच नियम घरमालक म्हणून त्याला का लागू नव्हता? आणि पैसे नव्हते असंही नाही. त्या मंदीच्या वर्षात मजुरीचा खर्च ७२ लाख डॉलरवरून ४५ लाखांच्या आत आला, पण भागधारकांचा लाभांश २५ लाख २० हजारांवरून २८ लाख ८० हजारांवर गेला. मंदीची झळ कुणी सोसली, ते या आकड्यांतच आहे.

शिष्टमंडळातल्या तिघांना कामावरून कमी केलं आणि ११ मे १८९४ रोजी संप सुरू झाला. लवाद नेमा, अशी विनंती शिकागोतल्या प्रतिष्ठित नागरिकांनी केली. समाजसेविका जेन ॲडम्स त्यांत पुढे होत्या. कंपनीचं उत्तर एकच, लवादाकडे सोपवण्यासारखं काही नाहीच.

मग यूजीन डेब्ज यांची अमेरिकन रेल्वे युनियन पुढे आली. २६ जूनपासून तिच्या सभासदांनी पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांना हात लावणं बंद केलं. बघता बघता अडीच लाखांच्या आसपास रेल्वे कामगार यात ओढले गेले आणि शिकागोच्या पश्चिमेकडची वाहतूक ठप्प झाली. रेल्वे कंपन्यांनी आपली एकी केली. सरकारकडेही त्यांचा माणूस होता. ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, रिचर्ड ओल्नी हे मुळात रेल्वे कंपन्यांचे वकील. टपाल अडतंय, हे कारण पुढे करून त्यांनी २ जुलैला कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला. युनियनच्या पुढाऱ्यांनी कामगारांना संपासाठी नुसतं समजावणंही त्या हुकुमाने गुन्हा ठरलं. पाठोपाठ अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी लष्कर धाडलं. इलिनॉय राज्याचे गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांनी कळवलं की आम्ही सैन्य मागितलेलं नाही, आमचं राज्य समर्थ आहे. कुणी ऐकलं नाही. तोवर बऱ्यापैकी शांत असलेलं शहर सैनिक उतरल्यावर पेटलं. शेकडो डबे जळाले. एकट्या शिकागोत बारा माणसं गोळ्यांनी मेली.

संप मोडला. डेब्ज यांना सहा महिन्यांची कैद झाली आणि सुप्रीम कोर्टाने १८९५ मध्ये ती कायम केली. कामावर परत यायचं असेल तर युनियन सोडल्याचं लिहून द्या, अशी अट कारखान्याने घातली. पुलमन १८९७ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डबे बांधणाऱ्या कंपनीला गाव बाळगण्याचा अधिकार नाही, घरं विकून टाका. कामगारांना जे हवं होतं त्यातलं थोडं असं उशिराने, तेही कोर्टाच्या दारातून आलं.

आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांच्या गाद्या घालणारे, बूट चमकवणारे पोर्टर जवळजवळ सगळे काळे होते. सुरुवातीच्या पिढीतले कित्येक तर गुलामगिरीतून सुटून आलेले. त्यांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं होतं. त्यानंतर एकवीस वर्षांनी, ऐन लढ्याच्या तोंडावर, रेल्वे युनियनच्या अधिवेशनात काळ्या कामगारांना सभासद करून घ्यायचं की नाही, यावर मतदान झालं. डेब्ज ‘घ्या’ म्हणत होते. थोड्या मतांनी ठराव पडला. पुलमनच्या प्रत्येक गाडीत जो माणूस हजर होता, त्यालाच दाराबाहेर ठेवून ही माणसं पुलमनशी लढायला निघाली. लष्कराचा अन्याय बाहेरून आला होता, पण हा घाव त्यांनी स्वतःच्या हाताने घालून घेतला.

पोर्टरांनी आपली युनियन १९२५ मध्ये वेगळी उभी केली. ए. फिलिप रँडॉल्फ तिचे पुढारी. बारा वर्षं कंपनीने त्यांना दाद दिली नाही. अखेर ऑगस्ट १९३७ मध्ये पुलमन कंपनीने त्यांच्याशी करारावर सही केली. पगार वाढला आणि महिन्याला ४०० तासांच्या आसपास असलेलं काम २४० तासांवर आलं.