सपाट वेगळं, लेव्हल वेगळं

नमस्कार मंडळी. विषय आहे बेसमेंटमधल्या वर्कशॉपचा खालीवर झालेला कोबा नीट कसा करायचा, आणि ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी बरीच वर्षं मनात असलेली एक गोष्ट बोलू द्या. आपण 'लेव्हल' हा एकच शब्द वापरतो आणि त्यात दोन गोष्टींची खिचडी करतो. गच्ची बघा, चांगली सपाट असते, पण ढाळ पन्हाळीकडे असतो, म्हणजे लेव्हल नसते आणि नसायलाच हवी. उलट एखाद्या खोलीची दोन्ही टोकं एका पातळीत असतात आणि मधे कढईसारखा खोलगट भाग. तिथे बिघाड वेगळा आणि इलाजही वेगळा.

हे मला कशातून कळलं ते सांगतो. कोथरूडला आमच्या घराखाली बेसमेंट आहे, दहा बाय पंधराची खोली. तिथे एक छोटा लेथ, म्हणजे दांडे फिरवून कातायचं यंत्र, ठेवला, सुतारकामाचं टेबल ठेवलं. टेबल कायम डुगडुगायचं, पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून घालून जीव मेटाकुटीला आला. बेअरिंगमधली गोळी खाली पडली की घरंगळत थेट जिन्याखालच्या कोपऱ्यात. म्हटलं जमीनच वाकडी आहे. एका कंत्राटदाराला बोलावलं, त्याने दोन दिवसांत दीड इंच माल टाकला, वर निरू, म्हणजे गुळगुळीत लेप, घोटून आरशासारखं करून दिलं. गोळी ठेवली तरी जागची हलेना. मे महिना होता, मी खूश.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण, त्याच्या भेगांमधून पावसाळ्यात पाणी पाझरतं, ज्यांच्याकडे बेसमेंट आहे त्यांना हे सांगायला नकोच. आधी ते पाणी जिन्याखालच्या खड्ड्यात जमायचं आणि पंपाने बाहेर जायचं. आता ते जिथे आलं तिथेच बसलं, बरोबर लेथच्या पायाशी. ऑगस्टमध्ये नाणं आपटून पाहिलं तर ठण्ण वाजायच्या ऐवजी बद्द आवाज, अर्ध्या खोलीत. पहार घालून उचललं तर ताटाएवढा तुकडा अख्खा हातात आला, खालची बाजू गुळगुळीत आणि तिला जुन्या कोब्याची भुकटी चिकटलेली. जुना कोबा खरखरीत करायला टाचे मारलेच नव्हते हो, साधी धूळसुद्धा झाडली नव्हती, मग धरणार कशाला?

मूळ कोबा ज्यांनी केला होता त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना शोधून आणलं. ते उकिडवे बसले, जमिनीला तळहात लावला आणि म्हणाले, "दादा, हा ढाळ मी पाण्यासाठी दिला होता. तुम्ही त्याची वाटच बुजवली." मला अजून वाईट वाटतं की माल टाकण्याआधी एक फोन करून त्यांना विचारलं नाही. आपण घर बांधणाऱ्या माणसाला विचारतच नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. भरभर सांगतो, लिहून घ्या.

आधी ओल बघा. १८ इंच चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवा, निदान १६ तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला तर आधी पाण्याचा बंदोबस्त. मग भिंतीवर लेव्हल पाईपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, चौफेर एका पातळीत एक रेघ मारा, रेघेला दोरी लावून दर दोन फुटांवर खाली माप घ्या आणि आकडा खडूने तिथेच जमिनीवर लिहा. आकडे एका दिशेने वाढत गेले तर तो ढाळ, त्याला हात लावू नका. मधेच कमी झाले तर उंचवटा, ग्राइंडरला डायमंड कप व्हील, म्हणजे काँक्रीट घासायची चकती, लावून घासा, मास्क लावूनच, सिमेंटची धूळ फुप्फुसाला फार वाईट.

खोलगट भागात सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे पाण्यात कालवून ओतायचं पातळ सिमेंट मिश्रण, चालतं, पण ते आपोआप पातळी धरतं म्हणजे ढाळ मारतं, म्हणून फक्त मशीनच्या जागेपुरता लाकडी पट्टीचा बांध घालून ओता. प्रायमर चुकवू नका, नाहीतर कोरडा कोबा पाणी शोषतो आणि बुडबुडे येतात. १०० चौरस फुटांना ५ मिलिमीटर थर म्हणजे साधारण ८० किलो, २५ किलोच्या चार बॅगा आणा. पाणी बॅगेवर लिहिलंय तेवढंच, मोजून, जास्त घातलं की वरचा थर भुसभुशीत. ओतल्यावर हातात १५-२० मिनिटं असतात, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी लवकर करा.

आणि लेथसाठी सगळी जमीन लेव्हल लागतच नाही! पायाखाली पोलादी पत्रे आणि लेव्हलिंग बोल्ट पुरतात, बेडला, म्हणजे लेथच्या लांब बैठकीला, पीळ बसता कामा नये एवढंच, नाहीतर कातलेला दांडा एका टोकाला जाड येतो.

लेव्हल पाईप मी आणलाय, रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतो, साधा पारदर्शक. त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून भरताना नळी नीट झटका. दोघं जण पुढे या, एक जण स्टेजपाशी उभं राहा, एक त्या मागच्या दारापाशी, आणि हा हॉल कुठे उतरतो ते आत्ताच बघू.