पाणबुडीच्या नळीत मावणारं विमान

पाणबुडी पाण्यावर आलीये. टॉवरवर उभा असलेला माणूस पाण्यापासून जेमतेम 5 मीटर उंच, त्यामुळे त्याच्यासाठी समुद्र 8 किलोमीटरवर संपतो, पलीकडे शत्रूचा ताफा चाललेला असला तरी धूर दिसला तर दिसला. तोच माणूस 300 मीटर वर गेला की थेट 60 किलोमीटरपर्यंतचं दिसतं. म्हणून तर पाणबुडीवर विमान ठेवायचा एवढा खटाटोप.

1930 च्या दशकात सोव्हिएत नौदलाला मोठ्या, लांबवर जाणाऱ्या क्रूझर पाणबुड्या हव्या होत्या, आणि त्यांच्यावर विमान ठेवायचं तर ते कसं असावं याचं उत्तर इगोर चेत्वेरिकोव या डिझायनरने दिलं. विमानाचं नाव एसपीएल. छोटी फ्लाइंग बोट, म्हणजे खाली वेगळे तराफे नाहीत, विमानाचं पोटच होडीसारखं. दोन माणसं शेजारी शेजारी बसणार, डोक्यावर खांबावर बसवलेलं 100 हॉर्सपॉवरचं एम-11 इंजिन.

पण खरी कमाल घडी घालण्यात आहे. पंखांचा पसारा साडेनऊ मीटर, आणि ठेवायचं कुठे तर अडीच मीटर व्यासाच्या आणि साधारण साडेसात मीटर लांबीच्या नळीत! पंख मागे वळून अंगाला चिकटणार, इंजिनसुद्धा मागे कलणार, आणि हे सगळं तीन-चार मिनिटांत, कारण पाणबुडी वर असते तेवढा वेळ ती उघडी पडलेली असते, एकेक मिनिट जिवावरचं असतं. मला तर हे विमान बघताना बाकी काही नको, ही घडीच बघत राहावंसं वाटतं.

सेवास्तोपोलला चाचण्या झाल्या. 1936 ला मिलानच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, 1937 ला त्याने आपल्या वर्गात वेगाचे आणि अंतराचे विक्रमही केले.

आणि धोका? ब्रिटिशांची एम-2 पाणबुडी अशीच, विमानाचं हँगर, म्हणजे विमान ठेवायची बंद जागा, असलेली. 26 जानेवारी 1932 ला ती बुडाली, 60 माणसं गेली, नंतर पाणबुडे खाली उतरले तेव्हा हँगरचा दरवाजा उघडा सापडला. विमानासाठी केलेलं एवढं मोठं दार, तिथूनच पाणी आत शिरलं असं मानतात.

सोव्हिएत के-क्लास पाणबुड्या, म्हणजे त्याच मोठ्या क्रूझर, 1940 पासून नौदलात आल्या. त्यांच्यावर हँगर नव्हतं, ते आधीच रद्द झालं होतं, आणि एसपीएल ज्या नळीच्या मापाने बनवलं ती नळी त्याला कधी मिळालीच नाही.