पोकळ लाटेसाठी फिनची निवड

मित्रहो, सर्फबोर्डाच्या फिनविषयीची, म्हणजे त्याच्या तळाला बसवलेल्या पातळ पात्यांविषयीची, चर्चा बहुधा फिनच्या आकारापासून सुरू होते. मी मात्र लाटेपासून सुरुवात करणार आहे, कारण बोर्डाखाली तीन फिन लावावेत की चार, या प्रश्नाचे उत्तर लाटेच्या उतारात दडलेले आहे. ताहिती बेटावरची तेआहुपो ही लाट आपण उदाहरणादाखल घेऊ; 2024 च्या ऑलिंपिकमधील सर्फिंगची स्पर्धा तिथेच झाली. तिथे खोल समुद्रातून येणाऱ्या स्वेलला, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लांब लाटांना, वाटेत हळूहळू उथळ होत जाणारा तळ भेटत नाही. तळ एकदम वर येतो, प्रवाळाच्या कड्यावर लाटेचा खालचा भाग मंदावतो, माथा मात्र आपल्या वेगाने पुढे झेपावतो आणि पाण्याची जाड कमान तयार होते. त्याच क्षणी रीफवरचे, म्हणजे त्या प्रवाळाच्या कड्यावरचे, उथळ पाणी लाटेच्या अंगावर वर ओढले जात असते. मंद उताराच्या वाळूच्या किनाऱ्यावर लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली, की माथा ढासळून फेसाळत खाली येतो. कोकणातल्या किनाऱ्यांवर शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना हीच लाट परिचयाची आहे. तिथे वेग आपल्याला मिळवावा लागतो, वळणे घेऊन टिकवावा लागतो. रीफवरची पोकळ लाट वेग आपणहून देते, आणि त्या वेगात, जवळजवळ उभ्या भिंतीवर बोर्ड घट्ट धरून ठेवणे एवढेच काम फिनकडे उरते.

बोर्ड अशा भिंतीवर आडवा धावत असतो, तेव्हा त्याची लाटेकडची रेल, म्हणजे बाजूची कडा, पाण्यात रुतलेली असते आणि दुसरी रेल हवेत उचललेली असते. म्हणजे बाहेरच्या बाजूचे फिन अनेकदा अर्धेमुर्धे किंवा पूर्णच पाण्याबाहेर असतात आणि त्यांचा उपयोग नसतो. म्हणून बोर्डाला एकूण किती फिन आहेत, यापेक्षा त्या क्षणी भरीव पाण्यात किती आहेत, हे मोजायला हवे. थ्रस्टरमध्ये, म्हणजे तीन फिनच्या रचनेत, लाटेकडचा एक फिन पूर्ण पाण्यात असतो आणि मधला फिन त्याला जमेल तेवढी साथ देतो. क्वाडमध्ये, म्हणजे चार फिनच्या रचनेत, लाटेकडच्या रेलजवळ दोन फिन एकामागे एक असतात आणि ते दोन्ही रुतलेले असतात. उंच रेषेवरून, फारसे न वळता, नळीतून, म्हणजे पाण्याच्या कमानीखालच्या पोकळीतून, सरळ पुढे जायचे असते, तेव्हा ही जोडी बोर्डाला खाली घसरू देत नाही. शिवाय मागच्या मधल्या फिनमुळे होणारा अवरोधही तिथे नसतो.

दुसरे कारण नळीच्या आतल्या फेसाचे आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. लाट नळीच्या आत कोसळते, तेव्हा सर्फरच्या मागे हवा मिसळलेल्या पाण्याचा खदखदता गोळा तयार होतो. फिन पाण्याला बाजूला ढकलून जो आधार मिळवतो, तो पाण्याच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. फेसात घनता घटते आणि फिनची पकड एकाएकी सुटते. आता स्थाने पाहा. थ्रस्टरचा मधला फिन शेपटीच्या टोकापासून साधारण साडेतीन इंचांवर असतो, तर क्वाडची मागची जोडी बहुधा पाच ते साडेसहा इंचांवर. म्हणजे फेसाचा गोळा शेपटीखाली शिरला, की थ्रस्टरचा मधला फिन सर्वांत आधी निकामी होतो, आणि क्वाडचे मागचे फिन आणखी क्षणभर भरीव पाण्यात राहतात. नळीत खोलवर असलेल्या सर्फरला त्या क्षणाची किंमत कळते.

तरीही केवळ क्वाडच लावा, असे मी म्हणणार नाही, कारण इतिहास त्याला साक्ष देत नाही. टॉम ब्लेक यांनी 1935 साली हवाईत बोर्डाला पहिला फिन बसवला आणि त्यानंतर कित्येक दशके एकच फिन पुरेसा मानला गेला. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पाइपलाइन लाटेत जेरी लोपेझ यांनी 1970 च्या दशकात जी शांत, स्थिर शैली घडवली, ती एका लांब फिनवर घडवली. मार्क रिचर्ड्स 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षे दोन फिनच्या बोर्डांच्या बळावर जगज्जेते झाले, परंतु मोठ्या, पोकळ लाटेत दोन फिनची शेपटी निसटते, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. सायमन अँडरसन यांनी सारख्या आकाराच्या तीन फिनची रचना पुढे आणली आणि 1981 साली ऑस्ट्रेलियातील बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत जिंकल्यावर त्याच वर्षी पाइपलाइन मास्टर्स ही स्पर्धाही जिंकली. म्हणजे थ्रस्टरची परीक्षा पोकळ लाटेतच झाली आणि तो तिथे उत्तीर्ण झाला.

थ्रस्टर सरस ठरतो तो उशिरा घेतलेल्या टेकऑफमध्ये, म्हणजे लाट पकडून बोर्डावर उभे राहण्यात. सर्फर जवळजवळ सरळ खाली पडतो, पायथ्याशी पोचतो आणि तिथून बोर्ड जोरात वळवून नळीत शिरतो. त्या वळणाला मधला फिन खुंट देतो आणि शेपटी कुठे आहे, हे पायाला नेमके कळते. लाटेकडे पाठ करून जाणाऱ्या सर्फरला त्याची गरज अधिक भासते, कारण वळणाच्या वेळी त्याचे वजन टाचेवर असते आणि शरीर फिरवायला त्याला कमी वाव मिळतो. तेआहुपो आणि पाइपलाइन या दोन्ही लाटा डावीकडे जातात. उजवा पाय पुढे ठेवणारा सर्फर तिथे लाटेकडे तोंड करून उभा असतो आणि त्याने क्वाडपासून सुरुवात करावी. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याने आधी थ्रस्टरवर विश्वास कमवावा, असे माझे मत आहे.

फिनचे माप वजनावरून ठरवावे. साधारण 65 ते 80 किलो वजनाच्या सर्फरला मध्यम माप पुरते. रीफवर जाताना केवळ लाट मोठी आहे म्हणून माप एकदम वाढवू नये. वेग दुप्पट झाला की त्याच फिनचा आधार चौपट होतो, आणि गरजेपेक्षा मोठा फिन अशा वेळी बोर्डाला एका रेषेत जखडून टाकतो. मापापेक्षा ताठपणाकडे पाहावे. लवचीक फिन छोट्या लाटेत उसळी देतो, पण पोकळ लाटेच्या दाबाखाली तो वाकतो आणि धरलेला कोन सोडतो. क्वाडचे मागचे फिन पुढच्यांपेक्षा थोडे लहान आणि अधिक उभे असावेत. ते रेलच्या जवळ असतील तर बोर्ड वेगवान पण वळायला हट्टी होतो. मध्यरेषेकडे सरकवले तर त्याचे वागणे थ्रस्टरकडे झुकते.

म्हणून नवा बोर्ड करवून घेताना शेपरकडून, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याकडून, फिनच्या पाच खाचा बसवून घ्याव्यात. त्याच बोर्डावर, त्याच लाटेत, सकाळी तीन आणि दुपारी चार फिन लावून पाहता येतात. मात्र त्या दिवशी पुढची जोडी बदलू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला हे समजणार नाही. ओहोटीला प्रवाळ पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतो आणि फिन त्याला घासतात, म्हणून मागच्या जोडीचा आणखी एक संच, जास्तीचे स्क्रू आणि किल्ली होडीतच असू द्यावी.