किती फेऱ्या उरल्यात?

श्रोतेहो, नमस्कार.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. ११ डिसेंबर २०१८, मध्य प्रदेश विधानसभेची मतमोजणी. दिवसभर चॅनेल बदलून बदलून बाबा थकले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "तुझ्या मोबाइलवर आपल्या ग्वाल्हेर दक्षिणचं बघ गं." बाहेर कडाक्याची थंडी. एकाच रजईत पाय घालून आम्ही निवडणूक आयोगाचं निकालाचं पान उघडून बसलो. मी आकडे वाचायची, बाबा कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं उतरवायचे.

तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी विजयाबद्दल अभिनंदन टाकलं. मीही ते पुढे धाडलं. बाबा म्हणाले, "अगं, किती फेऱ्या उरल्यात ते पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. मोजणी चालू असतानाच मी तो संदेश पुसला. त्या जागेचा निकाल लागला तो अवघ्या १२१ मतांनी! एकेका केंद्राच्या यंत्रात याहून कितीतरी जास्त मतं असतात. उमेदवारांच्या यादीत तळाशी 'नोटा'ची, म्हणजे 'यांपैकी कुणीही नको'ची ओळ असते ना, तिथली मतंसुद्धा १२१ पेक्षा जास्त होती. राज्याचंही तसंच अडलेलं. जागा २३०, काँग्रेस ११४, भाजप १०९, आणि शेवटचे निकाल हाती येईपर्यंत दुसरी सकाळ उजाडली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, आयोगाच्या अ‍ॅपवर आघाडीच्या आकड्याआधी फेरीचा आकडा बघा. सकाळी आठला टपाली मतं, साडेआठपासून यंत्रं. साधारणपणे एका विधानसभा मतदारसंघाला १४ टेबलं असतात. चौदा यंत्रं मोजून झाली की एक फेरी झाली. केंद्रं बहुधा क्रमांकानं येतात, म्हणजे एकेक मोहल्ला उघडत जातो. कालपर्यंत ज्याचा गड म्हणत होतो तो मोहल्ला शेवटच्या फेरीतही असू शकतो. 'आघाडीवर' आणि 'विजयी' या दोन शब्दांत अशी अख्खी रात्र मावते.

टीव्हीवर आकडा पुढे आणि अ‍ॅपवर मागे दिसला की लोक लगेच शंका घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. फेरीचे आकडे निवडणूक अधिकारी तपासतो, मग ते संगणकात भरले जातात, मग आपल्या हातात येतात. त्याला वेळ लागतो, आणि लागू द्यावा. २०१९ पासून तर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही, म्हणजे मत दिल्यावर छापल्या जाणाऱ्या चिठ्ठ्या, मोजून यंत्राशी जुळवून पाहतात.

बाबांकडे आता स्वतःचा मोबाइल आहे. अक्षरं मोठी करून दिली आहेत. मोजणीच्या दिवशी ते आपला मतदारसंघ उघडतात आणि उमेदवारांची नावं वाचायच्या आधी फेरी शोधतात. जुनं कॅलेंडर आणि पेन्सिल मात्र अजूनही शेजारी लागतेच.

नमस्कार.