हळद, पेव आणि एक अनोळखी एन्झाइम

[दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड, हळदीचे ढीग]

पोतं फोडलं की आधी वास येतो, मग धूळ. दुपारपर्यंत हमालांच्या पापण्याही पिवळ्या होतात. हा पिवळा रंग ज्याच्यामुळे, त्या कर्क्युमिनबद्दल प्रयोगशाळेत मात्र जरा जपूनच बोलतात.

एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. ते रोखणारं द्रव्य शोधायला बसलं, की कर्क्युमिन हमखास 'सापडतं'. या एन्झाइमवर चाललं, त्याही एन्झाइमवर चाललं. बातमीला एवढं पुरतं. पण हा रेणू स्वतःच चमकतो, म्हणून प्रकाशावर केलेलं मोजमाप फसतं. प्रथिनांतल्या गंधकाशी तो सलगी करतो, धातू धरून ठेवतो आणि पाण्यात फार काळ टिकतही नाही. २०१७ साली औषध-रसायनतज्ज्ञांनी एका सविस्तर आढाव्यात हे सगळं मांडलं. सांगलीकराच्या मनाला ते लागणारच. आमटीतल्या हळदीला त्यानं काही कमीपणा येत नाही म्हणा!

दहा जणांना अडवणारा रेणू सहज मिळतो. एकालाच अडवणारा हवा असेल, तर हरिपूरला जाऊ.

[दृश्य: हरिपूर, पेवाचं तोंड]

कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीखाली हळद साठवायची ही पेवं. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत पोट मात्र प्रशस्त. २००५च्या महापुरात बरीच निकामी झाली. वरून पाहिलं तर एक पेव दुसऱ्यासारखंच.

माणसाच्या शरीरात कायनेज नावाची पाचशेहून जास्त एन्झाइमं आहेत. एटीपी या पेशीतल्या इंधन-रेणूतला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला लावायचा, हे त्यांचं काम. एटीपी जिथं बसतो ती खाच, पेवाच्या तोंडासारखीच, जवळपास सगळ्यांची सारखी. त्यामुळे मूठभर कायनेजांवर ढीगभर संशोधन, आणि बाकी कितीतरी अंधारात. नेमकं त्यांनाच थांबवणारं द्रव्य नाही म्हणून अभ्यास नाही. अभ्यास नाही म्हणून द्रव्य करायला कुणी धजत नाही.

फरक सापडतो तो खाली, खाचेच्या पोटात. २००१ साली रक्ताच्या एका कर्करोगावर मंजूर झालेलं इमॅटिनिब असंच, कायनेज निष्क्रिय असताना उघडणाऱ्या आतल्या कोनाड्यात शिरतं. तेही शेजारच्या दोन-चार कायनेजांना अडवतंच.

म्हणून नव्या द्रव्याची कसोटी कडक. १०० नॅनोमोलरच्या आत, म्हणजे अगदी विरळ द्रावणातच काम झालं पाहिजे, भावकीतल्या एन्झाइमांपेक्षा निदान ३० पट जास्त पकड हवी, आणि पेशीत शिरल्यावरही ती टिकायला हवी. शिवाय जोडीला एक जुळं द्रव्य करायचं: दिसायला तसंच, पण त्या एन्झाइमला न अडवणारं. दोन्ही पेशींवर टाकायची. जुळ्यानंही तोच परिणाम दाखवला, तर तो त्या एन्झाइममुळे नव्हताच; मग महिन्यांची मेहनत बाजूला ठेवून नव्या रेणूपासून सुरुवात.