एकदम अंगावर येणारं ओझं

कोपरखैरणे. सिडकोची बैठी घरं, त्यांवर चढवलेले मजले, आणि दुसऱ्या मजल्यावरची आमची ही खोली. बाबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते. धाकट्या भावाने नोकरीच्या पहिल्या वर्षात पै-पै साठवून हा गेमिंगचा कॉम्प्युटर जमवला. आरटीएक्स 3080 हे ग्राफिक कार्ड मात्र सेकंडहँड घेतलं.

कार्ड बसवल्यापासून गेम रंगात आला की कॉम्प्युटर बंद. मॉनिटर काळा, पंखे गप्प. घरातली ट्यूब मात्र चालूच.

आधी वाटलं, तापतोय. धूळ काढली, फरक नाही. मग टेबलामागचं एक्स्टेंशन ओढून काढलं. हे बघा, या भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय. आमच्या उशापासून हातभर अंतरावर होतं हे. त्याच दिवशी ते बाद केलं, प्लग थेट भिंतीतल्या बोर्डात लावला. तरी बंद पडणं थांबेना. विंडोजच्या नोंदीत दर वेळी तीच ओळ: कर्नेल-पॉवर 41. कॉम्प्युटर रीतसर बंद न होता गेला, एवढंच त्यातून कळतं. का गेला, ते नाही.

खूण वेगळीच होती. बंद पडल्यावर समोरचं बटण कितीही दाबलं तरी काही होत नसे. मागचा खटका बंद करून, जरा थांबून पुन्हा चालू केला, की लगेच उठायचा. म्हणजे लाइटचा दोष नव्हता, एसएमपीएसच, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, स्वतःला वाचवायला हात आखडता घेत होता.

तो 550 वॉटचा. कार्ड 320 वॉटचं, प्रोसेसर सव्वाशेच्या आसपास. बेरीज तर बसते! भाऊ तिथेच अडला होता. पण 320 हा सरासरीचा आकडा. मिलिसेकंदाहूनही कमी वेळापुरतं हे कार्ड त्याच्या दीडपट वीज ओढतं, आणि तेवढ्यात एसएमपीएस मान टाकतो.

बाबा पलंगावर बसून ऐकत होते. म्हणाले, "अरे, 50 किलोची गोणी पाठीवर नीट ठेवली तर माणूस चालत जातो. तीच वरून टाकली तर गुडघे टेकतात." चार दिवस आम्ही जे वाचत होतो, ते बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं.

एटीएक्स 3.0 हे एसएमपीएससाठीचं 2022 चं मानक याच झटक्यांचा विचार करतं. क्षमतेच्या दुप्पट झटका 100 मायक्रोसेकंद तरी पेलला पाहिजे, असं ते सांगतं. भावाने त्या मानकाचा 850 वॉटचा एसएमपीएस आणला. आधी एकाच केबलची दोन तोंडं कार्डाला जोडली होती. आता दोन सॉकेटना दोन स्वतंत्र केबल दिल्या. गेले दोन महिने कॉम्प्युटर एकदाही मध्येच गेला नाही.

जुना एसएमपीएस उघडायला तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला, तेव्हा मी त्याचा हात धरला. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, 300 व्होल्टच्या वर साठा उरलेला असू शकतो. कुणीही घरी हे करू नका.

तो जुना एसएमपीएस आता माझ्या कॉम्प्युटरमध्ये बसवलाय. टायपिंग आणि सोसायटीचे हिशेब, एवढंच काम. मस्त चालतो.